डरहॅममध्ये नव्याने आलेल्यांसाठी: नकाशातला लाल भाग

आरटीपीत, म्हणजे रिसर्च ट्रँगल पार्क या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी मिळून तुम्ही इथे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅममध्ये, उतरता, पहिले पंधरा दिवस हॉटेलात काढता, आणि तेवढ्यात व्हॉट्सॲपवर कोणीतरी नकाशा पाठवतं. शेजारची कॅरी, मॉरिसव्हिल ही गावं हिरवी. डरहॅमचा मधला आणि पूर्वेकडचा भाग लाल. खाली ओळ: "इकडे घर नको, सेफ नाही." सोशल सिक्युरिटी नंबर, डीएमव्ही म्हणजे गाडीच्या परवान्याचं कार्यालय, क्रेडिट हिस्टरी, चांगलं तांदूळपीठ कुठे मिळतं, ही सगळी माहिती मंडळातले लोक तुम्हाला चोख देतील. माझ्यापेक्षा चोख देतील. मी फक्त त्या लाल रंगाबद्दल लिहिणार आहे, कारण त्याबद्दल बोलायची वेळ आली की आपली माणसं आवाज खाली करतात.

मी २००१ च्या मार्चमध्ये सोलापूरहून इथे आले. कंत्राटावरची नोकरी, बेताचा पगार, गाडी नाही. बसच्या रस्त्यावर खोली हवी होती, ती नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठाजवळ, फेटव्हिल स्ट्रीटच्या एका गल्लीत मिळाली. घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या ब्लॅक बाई. चर्चमध्ये सगळे त्यांना 'मदर' म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. ऑफिसात पत्ता सांगितला तेव्हा एका मराठी गृहस्थांनी विचारलं, "दाराला कडी तरी नीट आहे ना?" मी तिथे साडेतीन वर्षं राहिले. कडी जरा हलत होती, ती शेजारच्यांनीच बसवून दिली.

मदरच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी एक खिळा होता. त्यावर कॅलेंडर, आणि कॅलेंडरच्या मागे दोऱ्याने अडकवलेली एक छोटी वही. कडा काळ्या पडलेल्या, तळहातावर मावेल एवढी. आत आठवड्यागणिक तारीख, दहा सेंट, आणि समोर कोणाची तरी आद्याक्षरं. ती त्यांच्या आईची विम्याच्या हप्त्यांची वही होती. दर आठवड्याला एजंट दारात यायचा, नाणं घ्यायचा, सही करून जायचा. मला हसूच आलं. आमच्या घरी कालनिर्णयाच्या मागे पिग्मीचं पासबुक अगदी असंच लटकलेलं असायचं, आणि पिग्मीवाले काका आले की आजी पदराच्या गाठीतून पैसे काढायची. आजी विड्या वळायची. मदरची आई इथल्या तंबाखूच्या कारखान्यात पानांच्या शिरा काढायची. हे काम बहुतेक ब्लॅक बायकांकडेच असायचं: धूळ जास्त आणि पैसे कमी. "तुझ्या आजीच्या हातांना वास यायचा का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण फार लांब आलेलो नाही.

ती वही नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल या कंपनीची. तिची गोष्ट तुम्हाला माहीत असलीच पाहिजे. मोठ्या विमा कंपन्या त्या काळात ब्लॅक माणसाला एकतर दारात उभं करत नसत, नाहीतर तेवढ्याच हप्त्यात कमी रक्कम देत. १८९८ च्या ऑक्टोबरात डरहॅममधल्या सात जणांनी मिळून स्वतःची कंपनी काढली. त्यांतले जॉन मेरिक जन्माने गुलाम. पुढे न्हावीकाम शिकून त्यांनी गावात बरीच दुकानं काढली. तंबाखूवाल्या ड्यूकची दाढी करणारे ते हेच. दुसरे ॲरन मूर, गावातले पहिले ब्लॅक डॉक्टर. कंपनी काढून तीन आठवडे होतात न होतात, तोच याच राज्यातल्या विल्मिंग्टनमध्ये गोऱ्या टोळक्यांनी बंदुका घेऊन निवडून आलेलं नगरसरकार उलथवलं, ब्लॅक वस्तीत माणसं मारली, वर्तमानपत्राची कचेरी जाळली. दोन वर्षांत राज्याने घटनादुरुस्ती करून ब्लॅक माणसांचं मतदान जवळजवळ बंद पाडलं. अशा हवेत ही कंपनी तगली. सुरुवातीला चाळीस डॉलरचा दावा आला आणि गल्ल्यात नाण्यांशिवाय काही नव्हतं, तेव्हा चालकांनी खिशातून पैसे भरले, असं सांगतात. पहिल्या वर्षानंतर सातांतले बाकीचे गळाले. मेरिक आणि मूर उरले, सोबत मूर यांचे भाचे सी. सी. स्पॉल्डिंग. त्यांनी ती कंपनी देशातल्या सर्वांत मोठ्या ब्लॅक उद्योगांपैकी एक करून दाखवली.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं हे वाटतं की ते विम्यावर थांबले नाहीत. १९०१ मध्ये लिंकन हॉस्पिटल. त्याला ड्यूक घराण्याने पैसे दिले हे खरं, पण चालवलं यांनी. १९०८ मध्ये पॅरिश स्ट्रीटवर मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक उघडली. १९१० मध्ये जेम्स शेपर्ड यांनी कॉलेज काढलं, तेच आज नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ. १९१३ मध्ये व्हाइट रॉक बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात वाचनालय, तेही मूर डॉक्टरांच्याच खटपटीने. पंधरा वर्षांत विमा, दवाखाना, बँक, कॉलेज, वाचनालय, आणि बहुतेक ठिकाणी तीच चार-पाच माणसं. घर बांधायला गोरी बँक कर्ज देत नाही? आपली देईल. बँकेत पैसा कुठला? विम्याच्या त्या दहा-दहा सेंटांचा. आपल्याकडच्या पतपेढ्या पाहिलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

१९६६ मध्ये म्युच्युअलने बारा मजली इमारत बांधली, ती ड्यूक कुटुंबातल्या एकाचा वाडा जिथे होता त्याच जागेवर. न्हाव्याच्या कंपनीने मालकाच्या अंगणात. मदर हे सांगताना दर वेळी मांडीवर थाप मारायच्या.

उगाच देव्हाऱ्यात बसवू नका मात्र. पॅरिश स्ट्रीटचे साहेब लोक आणि कारखान्यातल्या बाया एका चर्चमध्ये शेजारी बसत असतीलही, पण त्यांचं पटायचंच असं नाही. १९५७ च्या जूनमध्ये डग्लस मूर नावाच्या तरुण पाद्र्याने सहा जणांना घेऊन रॉयल आइस्क्रीमच्या दुकानात गोऱ्यांच्या बाजूला बैठक मारली आणि सातही जणांना अटक झाली, तेव्हा गावातली बरीच वडीलधारी मंडळी नाराजच होती. ग्रीन्सबरोचं प्रसिद्ध आंदोलन, म्हणजे ब्लॅक विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर मारलेली बैठक, याच्यानंतर अडीच वर्षांनी झालं. मग मात्र वारं फिरलं. त्याच महिन्यात, १९६० च्या फेब्रुवारीत, मार्टिन ल्यूथर किंग व्हाइट रॉक चर्चमध्ये येऊन तुरुंग भरायला घाबरू नका असं सांगून गेले. १९६८-६९ मध्ये गोऱ्या दुकानदारांवर कित्येक महिने बहिष्कार चालला. एकी कोणाच्याच गावात आयती मिळत नाही. भांडून, रुसून, पुन्हा बसून होते.

आता तुमच्या नकाशाकडे येऊ. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने अनेक शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला 'धोक्याचा' भाग लाल. ब्लॅक वस्ती म्हणजे जवळपास हमखास लाल. डरहॅमचाही असा नकाशा आहे, ऑनलाइन बघायला मिळतो. व्हॉट्सॲपवरच्या नकाशाशेजारी ठेवून बघा.

त्या लाल भागातली मोठी वस्ती म्हणजे हेटाय. स्पेलिंग बघून 'हायती' म्हणू नका, इथले लोक 'हे-टाय' म्हणतात. दुकानं, थिएटर, हॉटेलं, दवाखाने, न्हावी, शिंपी, सगळं स्वतःचं. १९६० च्या दशकात 'नागरी पुनर्विकास' आला. नवी घरं मिळतील या आशेने तिथल्या पुढाऱ्यांनीही मत दिलं होतं. चार हजारांवर कुटुंबं आणि पाचशेच्या आसपास धंदे उठले. दुकानदारांना तात्पुरत्या पत्र्याच्या शेड मिळाल्या, लोक त्याला 'टिन सिटी' म्हणत. परतीचा वायदा बहुतेकांच्या बाबतीत कागदावरच राहिला. धरणाखाली गेलेल्या आपल्याकडच्या गावांतल्या लोकांना विचारा, ते पुढची गोष्ट न ऐकता सांगतील. आणि मधून काढला डरहॅम फ्रीवे, म्हणजे १४७. ज्यावरून तुम्ही रोज आरटीपीला जाता आणि ट्रॅफिक कमी आहे म्हणून खूश असता, तोच.

"आपण दोन सुटकेस घेऊन आलो आणि मेहनतीने वर आलो, मग यांना काय झालं?" हा प्रश्न तुम्हाला पहिल्या गणपतीलाच ऐकू येईल, बहुधा जेवणाच्या रांगेत. त्यावर मी वाद घालत नाही. एवढंच म्हणते, की यांनीही बँक, दवाखाना, कॉलेज काढलं होतं, त्यावरून रस्ता गेला. आणि आपल्या सुटकेसचं म्हणाल, तर १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला होता. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं: वर्षाला शंभर भारतीय. खऱ्या अर्थाने ते उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या तव्यावर भाजला गेला. तवा तापवणारे कोण होते ते वर लिहिलंच आहे. फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी संपवायला झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. दलित पँथरने १९७२ मध्ये नाव इथल्या ब्लॅक पँथरकडून उचललं हेही तुम्हाला माहीत आहे. पुण्या-मुंबईत व्याख्यानात आपण हे ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि इथे येऊन कॅरीत घर बघतो. मीही बघितलं होतं, म्हणून बोलते.

घराचंच सांगते. एजंटने गाडीत बसवून "तुमच्या लोकांना इकडेच आवडतं" असं म्हणत एकाच बाजूची घरं दाखवली, तर समजा की हे बेकायदा आहे. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश बघून गिऱ्हाईक वळवायला मनाई आहे. माझ्या बाबतीत हे झालं. मला ते सौजन्य वाटलं, कळायला दोन वर्षं लागली. पुढे मी डरहॅममध्येच १९४० च्या दशकातलं घर घेतलं आणि हौसेने जुनी खरेदीखतं काढली. काउंटीच्या नोंदणी कार्यालयाच्या साइटवर सापडतात. एका कलमात लिहिलेलं होतं की निग्रो रक्ताच्या कोणाही व्यक्तीला ही मालमत्ता विकू वा भाड्याने देऊ नये. घरकामाचे नोकर राहिल्यास हरकत नाही. अशी कलमं १९४८ पासून कोर्टात चालत नाहीत, पण शाई तिथेच आहे. मी तो कागद मदरना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "मग आता घरभरणीला मला मागच्या दाराने बोलावणार की पुढच्या?"

काही साध्या गोष्टी. इथे रस्त्यात माणूस दिसला की मान हलवून 'गुड मॉर्निंग' म्हणतात. ब्लॅक शेजारी तर नक्कीच म्हणतात. आपण फोनमध्ये बघत निघून जातो, ते उद्धटपणाचं दिसतं. वयाने मोठ्या बाईंना 'मॅम', ओळख झाली की नावाआधी 'मिस'. नुसतं नाव घेऊन हाक मारू नका. पूर्वी गोरे लोक मुद्दाम तशीच मारत. मराठीत बोलतोय, कोणाला कळतंय, म्हणून 'कल्लू', 'निग्रो' हे शब्द घरात वापरू नका. मुलांना कळतात, आणि ती शाळेत नेतात. पोलिसाने गाडी थांबवली तर तुम्ही दंडाची काळजी करता. शेजारची आई तिच्या सतरा वर्षांच्या मुलाला हात कुठे ठेवायचे ते शिकवत असते. त्यावर तिला उपदेश करू नका.

आपल्या वाट्यालाही येतंच. मी आले त्याच वर्षी, २००१ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या आठवड्यात बसस्टॉपवर एकाने माझ्या अंगावर ओरडून मला 'परत जा' सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मदर चर्चची टोपी घालून माझ्याबरोबर स्टॉपवर येऊन उभ्या राहायला लागल्या. तीन आठवडे. एक शब्द बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या.

मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक अजून चालू आहे. माझं दुसरं खातं तिथे आहे, भिशीचे पैसे आम्ही त्यातच ठेवतो. लिंकन हॉस्पिटल बंद झालं, पण त्याच नावाचं आरोग्य केंद्र उत्पन्नाप्रमाणे फी घेतं. विमा नसलेल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि कंटाळले, तर त्यांना फेटव्हिल स्ट्रीटवरच्या स्टॅनफोर्ड वॉरन वाचनालयात न्या. मूर डॉक्टरांचंच ते झाड. म्युच्युअल मात्र आता नाही. २०२२ मध्ये कोर्टाने ती मोडीत काढायचा आदेश दिला. मदर त्याच्या आधीच गेल्या होत्या, हे एका परीने बरंच झालं.

वही त्यांच्या मुलीने मला दिली. ती माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या मागे आहे.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी नवीन आलेल्या तीन-चार जणांना घेऊन पायी फिरते. सुरुवात पॅरिश स्ट्रीटवरच्या बँकेपासून, शेवट हेटाय हेरिटेज सेंटरला. ते १८९१ चं जुनं सेंट जोसेफ चर्च. मध्ये १४७ ओलांडावा लागतो आणि सावली अजिबात नाही, म्हणून टोपी आणि पाणी आणा.