अब्रूनुकसानीची नोटीस, पोलिसांचा फोन आणि तालुक्याचा पत्रकार: काय करायचं, काय टाळायचं

आधी एक गैरसमज काढून टाकू. राज्यघटनेत पत्रकारासाठी म्हणून वेगळा हक्क कुठेच दिलेला नाहीये. अनुच्छेद १९(१)(क) मधलं अभिव्यक्ती स्वातंत्र्य चौकात बोलणाऱ्या कुठल्याही नागरिकाला आहे तेवढंच आपल्याला, आणि १९(२) मधली बंधनंही तीच. त्यामुळे गळ्यातलं आयकार्ड न् गाडीवरचा 'प्रेस'चा स्टिकर टोलनाक्यावर कामाला येत असेल, कोर्टात नाही. कोर्टात चालतो तो कागद, आणि तो बातमी छापायच्या आधी जमवायचा असतो, नोटीस आल्यावर नाही.

समजा घरकुल योजनेची बातमी आहे. गावातले चार जण सांगतात की सरपंचाने पैसे खाल्ले. आता 'सरपंचाने घरकुलाचे पैसे खाल्ले' असं हेडिंग टाकलं की तुम्ही स्वतःच निकाल देऊन मोकळे झालात, आणि उद्या ते सिद्ध करायची जबाबदारीही तुमचीच. तेच 'घरकुलाच्या १४ लाभार्थ्यांना हप्ता मिळालाच नाही, लेखापरीक्षणात आक्षेप. सरपंच म्हणतात, बिलं पंचायत समितीकडे अडकली' असं लिहा. बातमीचा दणका तोच राहतो, वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं, पण प्रत्येक शब्दामागे एक कागद किंवा एक माणूस उभा असतो. लेखापरीक्षण अहवाल, सातबारा, टेंडरची कागदपत्रं, माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं, हे सगळं स्कॅन करून तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. आर. राजगोपाल खटल्यात, ज्याला सगळे ऑटो शंकर केस म्हणतात, सुप्रीम कोर्टाने १९९४ साली सांगितलंय की सार्वजनिक दस्तऐवजावर आधारलेल्या लिखाणाला खासगीपणाच्या नावाखाली अडवता येत नाही (लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव वगैरे अपवाद सोडून), आणि अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलं असेल तर नुसती चूक पुरत नाही, सत्याची पर्वा न करता लिहिलं हे त्याला दाखवावं लागतं. थोडक्यात वाजवी पडताळणी केली होती हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

म्हणून समोरच्याची बाजू घ्यायचीच. नुसता फोन करून 'उचलला नाही' म्हणणं हा आळस झाला. व्हॉट्सअॅपवर नीट तीन-चार प्रश्न लिहून पाठवा, उद्या सकाळी ११ पर्यंत उत्तर द्या असं लिहा, निळ्या टिकचा स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर आलं तर बातमीत वर घ्या, शेवटच्या ओळीत कोंबू नका. रेकॉर्डिंग असेल तर ज्या फोनवर केलं त्याच फोनमध्ये मूळ फाइल राहू द्या, कारण नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलीत जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा) लिहायची असते. पाच ग्रुपवरून फिरून आलेली क्लिप घेऊन वकिलाकडे गेलात तर तो डोक्याला हात लावेल.

एका बाबतीत मात्र कसलीही पळवाट नाही. बलात्काराच्या पीडितेची ओळख छापली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पीडित मूल असेल तर पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम २३ लागतं, त्यात सहा महिने ते एक वर्ष, आणि मालक-प्रकाशकही अडकतो. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तर गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलालाही संरक्षण देतं, हे आपल्याकडे सर्रास विसरलं जातं. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. शाळेचं नाव, वडिलांचा धंदा, छोट्या वाडीचं नाव, चेहरा ब्लर केला पण मागे घराचं दार दिसतंय, आरोपी मामा आहे हे छापलं आणि मामाचं नावही छापलं, हे सगळं ओळख देणंच झालं. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये नाव आलं होतं हा बचाव नाही. असं लिहिणाऱ्याला दंड झाला तर मला तरी वाईट वाटणार नाही.

आता नोटीस. वकिलाचं पत्र येतं, सात दिवसात माफी मागा नाहीतर पाच कोटी द्या. घाबरू नका, वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. नोटिशीत कितीही कोटी लिहायला काही लागत नाही, दावा टाकताना मात्र रकमेप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते, तिथे बऱ्याच जणांचा जोर ओसरतो. पण नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचीही नाही. पाकिटासकट ठेवा, संपादकाला लेखी कळवा, वकिलामार्फत थोडक्यात उत्तर द्या. ऑनलाइन बातमी गुपचूप डिलीट करू नका, त्याने तुम्हीच चूक कबूल केल्यासारखं दिसतं. खरंच काही चुकलं असेल तर उघड दुरुस्ती छापा, आणि फेसबुक लाइव्हवर जाऊन 'बघून घेतो' तर अजिबात नको, तोच व्हिडिओ उद्या द्वेषबुद्धीचा पुरावा होतो.

अब्रूनुकसानी दोन प्रकारची असते. दिवाणी दावा एक वर्षाच्या आत टाकावा लागतो आणि तिथे बातमी खरी आहे हा पूर्ण बचाव आहे. फौजदारी, म्हणजे जुन्या आयपीसीचं ४९९-५००, आता तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं ३५६, त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. इथे नुसतं खरं असून भागत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे कलम घटनात्मक ठरवलं, माझ्या मते आपल्या धंद्याचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं, पण आहे ते आहे. दिलासा एवढाच की हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, पोलीस स्वतःहून उचलून नेऊ शकत नाहीत, तक्रार मॅजिस्ट्रेटकडेच करावी लागते, आणि बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २२३ मुळे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. ती तारीख चुकवू नका.

पोलीस स्टेशनातून फोन आला, 'साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा', तर गोडीत एवढंच म्हणा, नोटीस पाठवा, येतो. नोटिशीवरचं बीएनएसएसचं कलम बघा. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, ३५(३) असेल तर संशयित म्हणून, आणि ही दुसरी नोटीस टाळली तर अटक होऊ शकते, म्हणून ठरलेल्या दिवशी वकिलाला सांगून जायचंच. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कलम १८१ तसं सांगतं, तरी कागद पुढे सरकवला की आपण सवयीने सही ठोकतो. अटक झालीच तर कारणं लेखी मागा. न्यूजक्लिक या बातम्यांच्या वेबसाइटचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच मुद्द्यावर बेकायदा ठरवली होती.

मोबाइल मागितला तर? बीएनएसएसच्या कलम ९४ खाली लेखी आदेश मागा. जप्तीच करत असतील तर झटापट नको, कारण मग सरकारी कामात अडथळा, आयपीसीचं जुनं ३५३ आणि न्याय संहितेचं आताचं १३२, आयतं तुमच्या गळ्यात पडतं. बीएनएसएसच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग झालं पाहिजे, ते सुरू आहे का विचारा, पंचनाम्यात आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) लिहून घ्या, प्रत घ्या. पासवर्ड द्यायचा की नाही हे वकिलाशी बोलल्याशिवाय ठरवू नका.

सोर्सचं तर अजून अवघड. आपल्याकडे सोर्स लपवण्याचा हक्क देणारा वेगळा कायदाच नाही. प्रेस कौन्सिल कायदा १९७८ च्या कलम १५(२) मध्ये संरक्षण आहे, पण ते फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं, कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं तर ते कामाचं नाही. म्हणून सोर्सला आधीच सांगा की मी नाव छापणार नाही, पण कोर्टाने विचारलं तर कायदा माझ्या बाजूने नाही. आणि फोनमध्ये त्याचं नाव 'तहसील क्लार्क खबरी' असं सेव्ह करू नका राव. कागदाचा फोटो मिळाला की मजकूर टिपून घ्या, कोपऱ्यातला आवक नंबर, सही, वॉटरमार्क छापण्याआधी झाका, ऑफिसात नेमकी कोणाची प्रत फुटली ते त्यावरूनच सापडतं.

शेवटी हल्ल्याचं. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास डीवायएसपी किंवा एसीपी दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. कायदा असूनही फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांना गाडीखाली घातलं गेलं, रिफायनरीवरची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. तेव्हा धमकी आली की लगेच लेखी तक्रार द्या, पोच घ्या, प्रत एसपी ऑफिसला ईमेल करा. मारहाण झाली तर ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून बोळवण करायला बघतो, तिथे कायद्याचं नाव घेऊन हाच लावा म्हणा, आणि आधी सरकारी दवाखान्यात मेडिकल करून घ्या. एक अडचण आहे, हा कायदा माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी नेमलेल्या पत्रकाराला लागू होतो, त्यामुळे एकट्याने यूट्यूब चॅनल चालवणाऱ्याबाबत पोलीस वाद घालणार. स्ट्रिंगर असाल तर नियुक्तीपत्र मागून घ्या, देत नसतील तर निदान बातमी मागितल्याचे ईमेल आणि मानधनाच्या बँक एंट्री प्रिंट काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.