रणात पडलेल्या सैनिकाचे छायाचित्र छापावे की नाही, हे डेस्कवर कसे ठरवावे

सीमेवर चकमक झाली की अधिकृत नावे येण्याआधीच छायाचित्रे डेस्कवर येऊन पडतात. संध्याकाळचे सात वाजलेले असतात, पहिले पान लागायचे असते, आणि कोणीतरी मोबाइलवरचे एक चित्र पुढे करून विचारतो, 'हे घ्यायचे ना?' गोव्यातल्या मराठी वृत्तपत्राला हा प्रश्न दूरचा नाही. आपला अंक पेडणे, डिचोली, सत्तरीत जातो, तसा दोडामार्ग, सावंतवाडी आणि बेळगावकडेही जातो, आणि या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी फौजेत आहे. ज्याचे चित्र आपण छापणार, त्याच्या आईच्या हाती आपलाच अंक पडण्याची शक्यता मोठी असते. देशासाठी झालेले मरण देशापासून लपवू नये, पण मृत माणसाच्या चेहऱ्यावर पहिला हक्क त्याच्या घराचा आहे, अशी माझी धारणा आहे आणि पुढची सगळी कार्यपद्धती तिच्यावरच उभी आहे.

सर्वांत आधी विचारायचे ते हे की घराला कळले आहे का. सैन्यदलाने नाव जाहीर करेपर्यंत आणि कुटुंबाला अधिकृत निरोप पोहोचेपर्यंत नाव, गाव आणि छायाचित्र यांपैकी काहीही बाहेर जाऊ देऊ नये, मग स्पर्धकाने काहीही चालवलेले असो. खात्री करण्यासाठी घरी फोन करू नये. सैनिक कल्याण कार्यालय, पोलीस ठाणे किंवा सरपंच यांच्याकडे चौकशी करावी. हे मी अनुभवाने सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी अशाच एका घराच्या सोप्यावर निरोपाच्या आधी पोहोचलो. वडिलांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि 'आज इकडे कसे?' असे विचारले. मला उत्तर देता आले नाही, आणि माझ्या गप्प राहण्यातूनच त्यांना सगळे कळले. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या एकाही बातमीदाराला मी निरोपाआधी दारात पाठवलेले नाही.

त्यानंतर चित्र खरे आहे का ते तपासावे. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान मारले गेले, तेव्हा त्यांच्या छिन्नविच्छिन्न देहांची म्हणून खोटी छायाचित्रे इतकी पसरली की ती पुढे पाठवू नयेत असे आवाहन खुद्द दलालाच करावे लागले. म्हणून मूळ फाइल मागावी, चित्र शोधयंत्रात टाकून ते आधी कुठे येऊन गेले आहे का ते पाहावे, गणवेश, झाडी आणि ऋतू जुळतात का ते पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते कोणी काढले हे विचारावे. मारणाऱ्याने मिरवण्यासाठी काढलेले चित्र कितीही खरे असले तरी छापू नये, कारण ते छापले की त्याचे काम आपण पुरे करतो. शत्रूच्या मृतांनाही हाच नियम लावावा. 1949 च्या जिनिव्हा करारांनी मृतदेहांची विटंबना टाळण्याचे बंधन दोन्ही पक्षांवर घातले आहे, आणि कारगिलच्या युद्धात पाकिस्तानने नाकारलेल्या त्याच्याच सैनिकांच्या देहांचे दफन भारतीय सैन्याने त्यांच्या धर्माच्या रीतीने केले होते. जे सैन्याने रणांगणावर पाळले ते आपल्याला टेबलावर बसून पाळता आले पाहिजे. दहशतवादविरोधी कारवाई चालू असेल तर थेट चित्रीकरणाला 2015 पासून वाहिन्यांवर नियमानेच बंदी आहे. संकेतस्थळावर चित्रफीत टाकतानाही तोच संयम ठेवावा.

इथपर्यंत फार वाद नसतो. वाद सुरू होतो तो चित्र खरे आहे, घराला कळले आहे आणि तरी ते दाखवावे का, या ठिकाणी. 'काहीच दाखवू नका' असे म्हणणाऱ्याने थोडा इतिहास पाहावा. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, 1862 साली, अँटिएटमच्या रणांगणावरील मृतांची छायाचित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली, तेव्हा शहरातल्या लोकांना युद्ध प्रथमच डोळ्यांनी दिसले. दुसऱ्या महायुद्धात मात्र तिथल्या सरकारने आपल्या मृत सैनिकांची छायाचित्रे बराच काळ अडवून ठेवली. सप्टेंबर 1943 मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने न्यू गिनीच्या किनाऱ्यावर पडलेल्या तीन सैनिकांचे चित्र छापले, तेही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोकळीक दिल्यावर. लोक युद्धाबाबत सुस्तावत आहेत असे सरकारला वाटू लागले होते. म्हणजे झाकण्यात सरकारचा हेतू असतो, तसाच उघडण्यातही असतो, आणि संपादकाने दोन्ही ओळखले पाहिजेत. त्या चित्रातले चेहरे ओळखू येत नाहीत. मला त्याचे मोल त्यातच वाटते. पुढे 1991 पासून 2009 पर्यंत अमेरिकेतल्याच डोव्हरच्या हवाई तळावर उतरणाऱ्या शवपेट्यांचे छायाचित्र काढण्यास बंदी होती. ती उठली तेव्हा निर्णय कुटुंबाच्या संमतीवर सोपवला गेला, आणि ती वाट मला योग्य वाटते.

2009 सालीच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अफगाणिस्तानात प्राणांतिक जखमी झालेल्या एका अमेरिकी मरीन सैनिकाचे छायाचित्र त्याच्या वडिलांनी विनवूनही आणि संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी आक्षेप घेऊनही प्रसारित केले. युद्धाचे वास्तव लोकांना कळले पाहिजे, ही संस्थेची भूमिका खोटी नव्हती. तरीही मी ते छापले नसते, कारण नाव माहीत आहे, चेहरा दिसतो आहे आणि घर नको म्हणते आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर वास्तव सांगण्यासाठी दुसरी वाट शोधणे हेच आपले काम होते.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. आधीच्या युद्धांत बहुतेक अंत्यसंस्कार आघाडीच्या आसपास होत. कारगिलपासून, म्हणजे 1999 पासून, पार्थिव गावी येऊ लागले आणि शवपेटी घरोघरी दिसू लागली. त्या युद्धात भारताचे 527 सैनिक मरण पावले. तेव्हा आपल्याकडे शवपेटी लपत नाही. पुष्पचक्र वाहणारे मंत्री आणि हवेत झडणाऱ्या फैरी यांच्या गर्दीत मेलेला माणूस लपतो.

म्हणून निवड करताना, या चित्रातून वाचकाला असे काय कळते जे शब्दांत सांगता येणार नाही, हे स्वतःला विचारावे. जखमा आणि मृत चेहरा या कसोटीवर बहुधा टिकत नाहीत. तिरंग्यात लपेटलेले पार्थिव टिकते, खांदा देणारे सोबती टिकतात, रिकामे अंगणही टिकते. आईचा टाहो अगदी जवळून टिपू नये. लहान मुलाला पुढे उभे करून सलाम करायला लावलेले चित्र सर्वांत मोहात पाडते, आणि तेच मी सर्वांत आधी बाजूला काढतो. त्या मुलाने कशालाच होकार दिलेला नसतो.

संमती पत्नीकडे पहिल्या तासात मागू नये. दीर, काका किंवा जवळचा शेजारी यांच्यामार्फत विचारावे, आणि विचारताना छापायचे तेच चित्र दाखवावे, कारण छायाचित्रकाराला अंगणात येऊ दिले म्हणजे प्रत्येक चित्राला हो म्हटले असे होत नाही. जिवंतपणीचे छायाचित्रही फेसबुकवरून उचलू नये. कोणते द्यावे हे घरच्यांना विचारावे. कोणाला गणवेशातले हवे असते, कोणाला चवथीच्या सुट्टीत गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली उभे राहून काढलेले. घर ख्रिस्ती असेल तर चर्चमधल्या मिस्सेच्या वेळी कॅमेरा चालेल का हे पाद्रींना आधी विचारावे. चितेचे चित्र लांबूनच घ्यावे.

पान लावताना चित्र आडवे उलटवू नये. ध्वजाची केशरी पट्टी मस्तकाकडे असते, आणि उलटलेल्या चित्रात बिल्ला, पदके, अक्षरे सगळेच खोटे ठरते. शेजारी दागिन्यांची किंवा सवलतींची जाहिरात येऊ देऊ नये. चित्राखालच्या ओळीत हुद्दा, पलटण आणि गाव अचूक द्यावे. विशेषणे जपून वापरावीत. 1955 मध्ये पत्रादेवीला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारानंतर 'हुतात्मा' या शब्दाला गोव्यात एक वजन आले आहे, ते मथळ्याची जागा भरण्यासाठी खर्चू नये.

चित्र वगळले म्हणून बातमी मऊ करू नये. किती गेले, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत गेले, हे शब्दांत पूर्ण सांगावे. जून 2020 मध्ये गलवानमध्ये आपले 20 सैनिक गेल्याचे भारताने लगेच सांगितले, तर चीनने स्वतःच्या चार मृतांची कबुली फेब्रुवारी 2021 मध्ये दिली. गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावरच्या लढाईत डिसेंबर 1961 मध्ये पडलेले सात नौसैनिक आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रात कधीच पाहिलेले नाहीत, पण त्यांची संख्या आणि ठिकाण आपल्याला ठाऊक आहे, कारण ते लिहून ठेवले गेले.

निर्णय झाला की कोणी घेतला, घरातील कोणाला विचारले आणि काय उत्तर मिळाले, हे त्याच रात्री डेस्कच्या वहीत तारखेसह नोंदवावे. वर्षभराने 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, पुरवणी लागते, नवा उपसंपादक संग्रहातून तेच चित्र काढतो आणि जुनी संमती गृहीत धरतो. तसे करू नये; पुन्हा विचारावे, आणि घराने आता नको म्हटले तर ते संकेतस्थळावरून व संग्रहातूनही काढून वहीत तशी नोंद करावी.