इसार देण्याआधी: परदेशी गुंतवणुकीची बातमी कशी तपासायची

परदेशी कंपनीची घोषणा झाली की आमच्याकडे, छत्रपती संभाजीनगरला, दोन गोष्टी लगेच सुरू होतात. बिडकीन, निलजगाव, पैठण रोड या पट्ट्यात गुंठ्याचे भाव चढतात आणि वाळूजच्या शेडमध्ये मशीन विकणाऱ्यांच्या चकरा वाढतात. माझं वाळूजला जॉबवर्कचं वर्कशॉप आहे आणि गाव पैठण तालुक्यातलं, त्यामुळे दोन्हीकडचे फोन मला येतात. “काका, बातमी पक्की आहे का? इसार देऊन टाकू का?” याचं उत्तर शोधायला मुंबईत ओळख लागत नाही. बहुतेक गोष्टी घरी बसून मोबाइलवर, फुकट तपासता येतात. त्या कशा तपासायच्या ते इथे लिहितोय.

आधी बातमीतला कागद कोणता ते ओळखा. ‘सामंजस्य करार झाला’ असं छापलं असेल तर तो इरादा आहे. त्यातून सहसा कुणावर पैसे घालायचं बंधन येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत महाराष्ट्राने सुमारे १५.७० लाख कोटींचे करार केल्याचं सरकारने सांगितलं. त्यात रिलायन्सचे ३.०५ लाख कोटी आणि जेएसडब्ल्यूचे ३ लाख कोटी होते. म्हणजे दोन भारतीय समूहांचाच वाटा एकूण आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि दोघांची मुख्यालयं मुंबईतच. तरी सही स्वित्झर्लंडमध्ये होते, कारण तिथे तेलंगणा, आंध्र, तमिळनाडू, उत्तर प्रदेश अशी सगळी राज्यं एकाच गल्लीत दालनं मांडून बसलेली असतात आणि प्रत्येक मुख्यमंत्र्याला घरी परतताना आकडा सांगायचा असतो. तो आकडा राजकारणाचा भाग आहे, आणि राजकारणात त्याला वजनही आहे. आपल्या जमिनीचा किंवा कर्जाचा निर्णय मात्र त्यावर घ्यायचा नाही.

उलट बाजूनेही हेच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून राज्यात रान उठलं होतं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि त्या भागीदारीचा कारखाना कुठेच उभा राहिला नाही. तेव्हा कुणी प्रकल्प आणल्याचं सांगो की पळवल्याचं, तारीख बघून ठेवा. टोयोटा किर्लोस्करचा सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार ३१ जुलै २०२४ ला झाला आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. म्हणून तो करार खोटा ठरत नाही. घोषणा कधी करायची हे सरकार ठरवतं आणि पैसे कधी घालायचे हे कंपनी ठरवते, एवढंच यातून कळतं.

आता मुख्य काम. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘मास्टर डेटा’ नावाची सोय आहे. लॉग-इन मागितलं तर मोफत खातं उघडा. कंपनीचं नाव टाकलं की एक पान उघडतं: नोंदणीची तारीख, नोंदणीकृत कार्यालय, अधिकृत भांडवल, भरणा झालेलं भांडवल. शेवटच्या दोन ओळींत फरक करा. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती शेअर काढू शकते ती मर्यादा, आणि भरणा झालेलं म्हणजे मालकांनी खरोखर घातलेला पैसा. बातमीत २ हजार कोटी असतील, त्यासाठी नवी कंपनी काढली असेल आणि भरणा १ लाख रुपये दिसत असेल, तर पैसा अजून निघालेला नाही. त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघा. जुनी कंपनी विस्तार करत असेल तर भांडवल वाढेलच असं नाही, ती नफ्यातूनही पैसा घालते. तिथे तिचा वार्षिक अहवाल वाचावा लागतो.

तिथेच ‘चार्जेस’ म्हणून तक्ता असतो. कोणत्या बँकेने, कोणत्या तारखेला, किती रकमेचा बोजा चढवला ते त्यात दिसतं. मला या तक्त्याची किंमत फार वाटते. बँक मोठी रक्कम देण्याआधी प्लॉटची कागदपत्रं, ऑर्डर, प्रवर्तक सगळं तपासते. तिने बोजा चढवला म्हणजे कुणीतरी स्वतःचा पैसा पणाला लावून चौकशी केली आहे. वर्तमानपत्रातल्या दहा बातम्यांपेक्षा त्या एका नोंदीवर माझा जास्त भरवसा.

मालक कोण हेही शोधा, कारण भांडण झालं तर काम तिथेच अडतं. लातूरचा मराठवाडा रेल्वे कोच कारखाना बघा. भूमिपूजन ३१ मार्च २०१८ चं. पुढे तिथे बनवायच्या १२० वंदे भारत स्लीपर गाड्यांचं काम रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग आणि आपली सरकारी रेल विकास निगम (आरव्हीएनएल) यांच्या जोडीला मिळालं. २०२३ मध्ये आरव्हीएनएलला भागीदारीत मोठा हिस्सा हवा होता, युक्रेन युद्धामुळे रशियावर निर्बंध होते, आणि हिश्श्यावरून करार महिनोन्महिने लटकला. शेवटी रशियन बाजूकडे ७५ टक्के आणि आरव्हीएनएलकडे २५ टक्के असं राहून सप्टेंबर २०२३ मध्ये सह्या झाल्या. लातूरच्या पोरांच्या नोकऱ्या मॉस्को आणि दिल्ली यांच्यात कोण किती टक्के घेतं यावर थांबल्या होत्या. हे जिल्ह्यातल्या कुठल्याच नेत्याच्या हातात नव्हतं, तरी उत्तर देण्याची वेळ त्यांच्यावर आली.

पैसा कोणत्या दाराने येतो ते पुढचं. परदेशी माणूस शेअर बाजारातून नोंदणीकृत कंपनीचा दहा टक्क्यांपेक्षा कमी हिस्सा घेतो तेव्हा त्याला पोर्टफोलिओ गुंतवणूक म्हणतात. ती सकाळी येते आणि संध्याकाळी जाऊ शकते. ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय शेअरमधून सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढून घेतले. असल्या पैशाने बिडकीनला वीट चढत नाही. आपल्याला बघायची ती थेट गुंतवणूक, एफडीआय. तीही आली की कायमची राहिली असं नाही. मे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिलेले आकडे असे: २०२४-२५ मध्ये देशात ८१ अब्ज डॉलर थेट गुंतवणूक आली. त्याच वर्षी जुन्या परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे ५१.५ अब्ज परत नेले आणि भारतीय कंपन्यांनी सुमारे २९ अब्ज बाहेर गुंतवले. हातात राहिले अर्ध्या अब्जाहून कमी. मंत्री ८१ चा आकडा सांगतात, विरोधक शेवटचा. दोन्ही खरे आहेत, म्हणून भाषणात आकडा ऐकला की ढोबळ की निव्वळ हे विचारा. परत नेणं म्हणजे पळून जाणंही नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईने २७,८७० कोटींचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आणला. त्यातला एकही नवा शेअर नव्हता, सगळे शेअर कोरियातल्या मूळ कंपनीने विकले, पैसा तिकडे गेला आणि कारखाने चालूच राहिले.

परदेशी कर्जाला कुणी गुंतवणूक म्हणालं तर तिथेच थांबवा. मराठवाडा-विदर्भातल्या गावांत शेततळी, ठिबक देणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर मंजूर केले. काम चांगलं आहे, पण ते कर्ज आहे आणि डॉलरमध्ये फेडायचं आहे. मंजुरीच्या वेळी डॉलर ७० रुपयांच्या आत होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या वर गेला.

चलनाचा हा मुद्दा मी दरवेळी विचारतो: रुपया पडला तर भुर्दंड कोणाला? याची सगळ्यात महाग शिकवणी महाराष्ट्राने दाभोळला घेतली, आणि तिची चौकशी करणारी समिती आपल्या बीडच्या गोपीनाथ मुंडेंच्या अध्यक्षतेखाली होती. तिथल्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी सामंजस्य करार जून १९९२ चा. १९९५ च्या निवडणुकीत ‘एन्रॉन समुद्रात बुडवू’ ही घोषणा गाजली, युतीचं सरकार आलं, मुंडे उपमुख्यमंत्री झाले आणि ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. नंतर त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून १९९६ मध्ये तो पुन्हा सुरू केला. करारात विजेचा दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला होता. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचा होता, आणि मागे राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी (राज्याने दिलं नाही तर केंद्राने भरायचं) होती. म्हणजे डॉलर चढला, तेल चढलं, मागणी घटली, तिन्ही वेळी फटका वीज मंडळाला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. म्हणून ‘हमी’ हा शब्द दिसला की बातमी पुन्हा वाचा. हमी सरकारची असेल तर ती तुमच्या-माझ्या बिलावर येऊ शकते.

आता आपल्या शिवारात या. शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक हे दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं, जवळपास दहा हजार एकरांचं शहर. त्यासाठीच्या कंपनीत ५१ टक्के एमआयडीसीचे आणि ४९ टक्के केंद्राच्या संस्थेचे. इथे घोषणेनंतर कागद या क्रमाने हलतात: प्लॉटचं वाटपपत्र, पूर्ण रक्कम भरणं, ताबा पावती, बांधकाम नकाशाची मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची कन्सेंट, म्हणजे संमती. रसायनाच्या बहुतेक कारखान्यांना पर्यावरण मंजुरीही लागते, ती ‘परिवेश’ पोर्टलवर दिसते. मंडळाच्या संमती समितीची इतिवृत्तं त्यांच्या संकेतस्थळावर असतात. तिथे नाव दिसलं की त्यात पाणी किती, सांडपाणी किती, भांडवली गुंतवणूक किती हे लिहिलेलं असतं. माझ्या हिशोबी ताबा पावतीआधी सगळं बोलणं आणि कन्सेंटनंतर काम. जे ऑनलाइन मिळत नाही त्यासाठी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जात एवढंच विचारा: अमुक कंपनीला किती क्षेत्र दिलं, ताबा कोणत्या तारखेला, सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली पात्रता प्रमाणपत्र दिलं का, किती रकमेचं. राज्य जीएसटीचा परतावा, मुद्रांक शुल्क माफी, वीज शुल्क माफी देतं, मराठवाड्यात जास्त देतं. तो सार्वजनिक पैसा आहे, विचारायचा हक्क आपला आहे.

आयटीआयच्या पोरांनो, याच अनुदानाबरोबर एक अट येते. स्थानिक लोकांना पर्यवेक्षक पदांवर ५० टक्के आणि बाकी पदांवर ८० टक्के जागा. पण ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला. तो पैठणचाच असावा असं त्यात कुठेही नाही. तालुक्याची मागणी करायची असेल तर जमीन देताना, वाटाघाटीच्या टेबलावरच करावी लागते.

छोट्या कारखानदारांसाठी मी एकच प्रश्न ठेवतो: माल इथे बनणार की इथे जोडला जाणार? स्कोडा २००१ पासून शेंद्र्यात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा-फोक्सवॅगनला १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली. संपूर्ण गाडीचे सुटे भाग वेगवेगळे आणले असं दाखवून कमी शुल्क भरलं, असं विभागाचं म्हणणं. कंपनीला ते मान्य नाही, ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. बरोबर कोण ते न्यायालय ठरवेल. आपल्याला त्यातून एवढं घ्यायचं की जेवढी गाडी पेटीतून येते तेवढं काम वाळूजला नसतं. शिवाय मोठी परदेशी कंपनी आपले पुरवठादारही सोबत आणते, मग आपण तिसऱ्या पायरीवरचे. म्हणून नुसती आरएफक्यू (दर मागवणारं पत्र) आली की मशीन बुक करायची नाही. नॉमिनेशन लेटर (पुरवठादार म्हणून निवडल्याचं पत्र) हातात येऊ द्या, सॅम्पल मंजूर होऊ द्या, वर्षाला किती नग ते लेखी घ्या, आणि स्टीलचा भाव वाढला तर दर किती दिवसांनी बदलणार ही ओळ पीओत (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) आहे का ते बघा. ती ओळ नसेल तर स्टीलच्या बाजारातली आणि डॉलरची सगळी हालचाल तुमच्या हप्त्यातून जाते. एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमचा दर वर्षभर बदलला नव्हता. तेव्हापासून ती ओळ लिहून घेतल्याशिवाय मी सही करत नाही.

जमीन घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी तलाठ्याकडे बसून सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचावा. एमआयडीसी अधिनियमाचं सहावं प्रकरण त्या गटाला लागू झालं असेल किंवा कलम ३२(२) ची नोटीस निघाली असेल, तर जमीन संपादनात जाऊ शकते. मग मावेजा मूळ खातेदाराच्या नावे ठरतो आणि तुमची इसार पावती भांडणाचा कागद होते. शेजारचा गट सुटलाय एवढ्यावर विसंबू नका, गट नंबरनिहाय यादी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. आणि विकणारे तुम्ही असाल तर दलालाच्या घाईने सही करू नका. संपादनाची यादी, शेवटच्या वर्षातले नोंदणीकृत व्यवहार आणि कंपनीचं मास्टर डेटाचं पान, हे तीन कागद घरातल्या सगळ्यांसमोर, बहिणींसकट, मांडून मग भाव बोला. वारसाहक्काची नोंद राहिली असेल तर आधी फेरफार करून घ्या.