‘केव्ह इन’चा अर्थ लावताना या चुका टाळा

माती, छत किंवा खाणीचा बोगदा आतल्या बाजूला ढासळणे हा ‘केव्ह इन’ या इंग्रजी वाक्प्रयोगाचा मूळ अर्थ आहे, आणि दबावापुढे विरोध सोडून नमते घेणे हा त्याचा लाक्षणिक अर्थ आहे. इतकी सरळ गोष्ट असूनही, तपासायला येणाऱ्या अनुवादांत तिच्याबाबतच्या त्याच त्या चुका मला वारंवार दुरुस्त कराव्या लागतात.

सर्वांत हट्टी चूक व्युत्पत्तीची. ‘केव्ह’ म्हणजे गुहा हे शाळेत शिकलेले असल्यामुळे कोश उघडण्याची गरज कुणालाच भासत नाही. प्रत्यक्षात इंग्लंडच्या पूर्वेकडील ईस्ट अँग्लियाच्या बोलीत माती ढासळण्यासाठी ‘काव्ह’ हा शब्द होता, आणि त्याचे नाते फ्लेमिश या बेल्जियममधील भाषेतल्या ‘आत ढासळणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी असावे, असे मानले जाते. १७व्या शतकात कॉर्नेलियस व्हर्म्युडेन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली त्याच भागातील फेन्स या दलदलीचा निचरा करण्याची मोठी कामे झाली. समुद्राकाठच्या सखल देशांतून, म्हणजे आजच्या नेदरलँड्स आणि बेल्जियममधून, अशा कामांवर आलेल्या मजुरांबरोबर हा शब्द आला असावा, हे अनुमान मला पटते, कारण चर खणणाऱ्याला काठ ढासळण्याची धास्ती रोजचीच असते. ढासळण्याच्या अर्थाने ‘केव्ह’चा लेखी दाखला अमेरिकी इंग्रजीत १७०७ सालापासून सापडतो, तर नमते घेण्याचा अर्थ १८३७च्या सुमारास दिसू लागतो. शब्दाचे रूप गुहेच्या शब्दाकडे झुकले ते ओळखीच्या उच्चारामुळे. गुहा हा त्याचा उगम नव्हे.

दुसरी चूक अधिक नुकसान करते. एका कादंबरीच्या अनुवादात संपकऱ्यांच्या मागण्यांपुढे कारखान्याचा मालक ‘केव्ह इन’ करतो, तिथे अनुवादकाने ‘मालक खचला’ असे लिहिले होते. जमीन खचते हे खरे, परंतु मराठीत माणूस खचतो तेव्हा त्याचा धीर सुटलेला असतो. त्याने कुणाचे काही मान्य केलेले नसते. पुढच्या प्रकरणात हाच मालक उत्साहाने नव्या कारखान्याची पायाभरणी करत असल्याने मुद्रितशोधकाला विसंगती जाणवली, आणि त्याने ‘दुःखातून सावरल्यावर’ हे शब्द स्वतःच्या मनाने घातले. मूळ पुस्तकात नसलेले दुःख असे मराठीत शिरले आणि संपाचा विजय नाहीसा झाला. चौकशी केल्यावर कळले की ‘खचला’ हा शब्द अनुवादाच्या ॲपने सुचवला होता. एका शब्दावर पाच मिनिटे थांबण्याचीही ज्यांची तयारी नाही, त्यांनी हे काम पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी सवय अशी की समासात दोन गोष्टी लिहून ठेवायच्या: दबाव कुणाचा आहे, आणि नमण्यापूर्वी विरोध झाला होता का. दोन्हींची उत्तरे मिळाली, तर ‘नमते घेतले’ किंवा, लेखकाचा सूर कठोर असल्यास, ‘गुडघे टेकले’ असे मी लिहिते. नुसते ‘मान्य केले’ म्हटल्याने आधीचा विरोध पुसला जातो.

‘हात टेकले’ हा पर्याय चालत नाही, कारण त्यात हतबलता आहे, शरणागती नाही.

‘थ्रो इन द टॉवेल’ हा मुष्टियुद्धातून आलेला प्रयोग लढत सोडून देण्याचा आहे. त्यात समोरच्याची मागणी मान्य होतेच असे नाही, म्हणून तो ‘केव्ह इन’च्या जागी आणू नये.

नाम म्हणून ‘केव्ह-इन’ आले, तर बहुधा खाणीतील किंवा खोदकामावरील दुर्घटनेविषयी लिहिलेले असते, आणि तिथे ‘ढासळणे’ हाच शब्द योग्य ठरतो.