माध्यमिक शाळेतील धर्मशिक्षणाचा तास : या चुका टाळा

खानदेशातील कॅथलिक शाळांमध्ये पाचवी-सहावीपर्यंत धर्मशिक्षणाचा तास सहसा उत्साहाने चालतो. मुले गीते म्हणतात, बायबलमधील गोष्टी कान देऊन ऐकतात, प्रश्न विचारला की हात वर करतात. आठवीपासून हाच तास हळूहळू थंडावतो आणि नववीत शिक्षकाला बहुतेक वेळ एकट्यानेच बोलावे लागते. याचे खापर मोबाइलवर किंवा मुलांच्या वयावर फोडले जाते. वयाचा भाग आहेच, पण चूक बहुधा तासाच्या मांडणीत असते. ख्रिस्ती श्रद्धेविषयी ज्ञान देणे आणि श्रद्धा जोपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. व्हॅटिकनच्या कॅथलिक शिक्षणविषयक विभागाने १९८८ मध्ये शाळांसाठी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात हा भेद स्पष्ट केलेला आहे. पहिले काम शाळेचे, अभ्यासाचे आहे; दुसरे मुख्यतः घरात आणि धर्मग्रामात (एका चर्चच्या स्थानिक समाजात) घडते आणि ते कोणाकडून वसूल करता येत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ही दोन कामे एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

सगळ्या वर्गाला एकत्र बसवणे

आपल्याकडच्या कॅथलिक शाळांत ख्रिस्ती विद्यार्थी बहुधा थोडेच असतात. शिक्षक अपुरे पडले, की वेळापत्रक बसवताना धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण एकाच तासात उरकले जाते आणि सगळा वर्ग प्रार्थनेसह सर्व काही ऐकतो. हेतू कितीही चांगला असला तरी ही चूक आहे आणि ती कायद्यातही बसत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय आणि तो अज्ञान (अल्पवयीन) असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, म्हणून हे बंधन सैल होते असे समजू नये.

संमती घेतली जाते तिथेही ती प्रवेश अर्जाच्या शेवटी, बारीक अक्षरांत आणि कधी कधी इंग्रजीत असते. शेतावरून घाईने आलेले वडील सही करून निघून जातात. तक्रार येते तेव्हा अशी सही शाळेच्या उपयोगी पडत नाही आणि पालकाला आपण फसवले गेल्याची भावना मात्र कायमची राहते. संमतीपत्र वेगळ्या कागदावर, मराठीत, एका पानाचे असावे, पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावे आणि नकार दिल्याने मुलाचे काहीही नुकसान होणार नाही हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे.

यात ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, काही गमावते असे मला वाटत नाही, कारण तिची स्वतःची शिकवणही हीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा संमत केला, आणि १९८३ च्या धर्मसंहितेतील (कॅथलिक चर्चच्या कायद्यातील) नियम ७४८ कोणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला लावण्यास मनाई करतो. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी आणि शक्य तिथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवावा असे सुचवले आहे.

तास वेगळे केल्यावर आणखी एक चूक हमखास होते. ख्रिस्ती मुले एका खोलीत जातात आणि उरलेल्या मोठ्या वर्गाला मॉनिटरच्या ताब्यात देऊन गृहपाठ करायला सांगितले जाते. मूल्यशिक्षणाच्या तासालाही तयारी केलेला शिक्षक हवा. अन्यथा ‘त्यांचा तास खरा, आपला रिकामा’ एवढेच मुले शिकतात.

‘ख्रिस्ती’ म्हणजे कॅथलिकच, असे गृहीत धरणे

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः नवापूरच्या बाजूला, प्रोटेस्टंट कुटुंबे बरीच आहेत. हजेरीपटावर ‘ख्रिस्ती’ अशी नोंद दिसताच त्या मुलांना मरियेच्या जपमाळेला आणि मिस्सासाठी (कॅथलिक उपासनेसाठी) रांगेत उभे केले जाते. त्यांच्या घरी येशूची आई मरिया हिच्या मध्यस्थीची प्रार्थना करत नाहीत आणि कॅथलिक मिस्सामध्ये त्यांना सर्वसाधारणपणे ख्रिस्तप्रसाद दिला जात नाही. सर्वांसमोर रांगेतून बाहेर काढल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला त्या क्षणी काय वाटत असेल, याचा विचार वर्षाच्या सुरुवातीलाच करावा आणि कुटुंब कोणत्या ख्रिस्ती पंथाचे हे पालकांना शांतपणे विचारून घ्यावे.

येशूच्या दाखल्याचे उत्तर आधीच सांगून टाकणे

प्रश्नोत्तरे पाठ करून घेण्याची पद्धत लहान वयात चालते, कारण पाठांतर त्या वयाला आवडते. किशोरवयीन मुलाला मात्र उत्तर कसे निघाले हे पाहायचे असते. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, घ्या. मालक पहाटे मजूर लावतो, मग सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि अगदी संध्याकाळी पाच वाजताही लावतो, आणि शेवटी सर्वांना सारखीच मजुरी देतो. नेहमीच्या तासात दाखला वाचला जातो, ‘देव उदार आहे’ हे वाक्य फळ्यावर येते, वहीत उतरते आणि संपते.

हाच दाखला कापूस वेचणीच्या दिवसांत नववीच्या वर्गापुढे ठेवा. वर्गात अशी मुले असतात, जी सुट्टीत कमरेला ओटी बांधून आईबरोबर वेचणीला जातात, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे त्यांना अंगमेहनतीने माहीत असते. पाच वाजता आलेल्याला पूर्ण मजुरी द्यावी का, एवढेच विचारा आणि थांबा. वर्ग चिडतो. ‘असं असंन तं उद्यापासून आम्ही पण पाचलेच येऊ’, असे कोणीतरी म्हणणारच. त्याला गप्प करू नका. दाखल्यातील पहाटेचे मजूरही हेच कुरकुरत आहेत. थोड्या वेळाने दुसरे कोणीतरी म्हणते, की पाच वाजेपर्यंत चौकात उभा राहिलेला माणूस आळशी नव्हता, त्याला कोणी कामच दिले नाही. आणि नेमके हेच वाक्य मजुरांच्या तोंडी मत्तयमध्ये आहे, ते मुलांनाच शोधू द्या. त्यानंतर सांगावे, की त्या काळी एक दीनार ही दिवसभराची मजुरी होती, पहाटेच्या मजुराला ठरलेली रक्कम पूर्ण मिळाली आणि मालकाने शेवटच्याला घर चालेल इतके दिले. अगदी शेवटी, देव खरेच असा असेल तर मला ते आवडेल का, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मोठ्याने मागू नये; ते ज्याच्या त्याच्याजवळ राहू द्यावे. एका दाखल्याला दोन तास लागले आणि अभ्यासक्रम मागे पडला, तर तो पडू द्यावा.

प्रश्न टाळणे

मुले नववी-दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता आणि उत्क्रांती शिकतात आणि त्याच आठवड्यात धर्मशिक्षणाच्या तासाला बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातील सहा दिवसांची सृष्टी वाचतात. ‘यातले खरे कोणते?’ या प्रश्नावर ‘श्रद्धा ठेव’ असे उत्तर मिळाले, की विद्यार्थी पुन्हा विचारत नाही. हे उत्तर देण्याची गरजही नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्येच मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधन व चर्चा करण्यास मोकळीक दिली आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त हा केवळ एक अंदाज राहिलेला नाही असे म्हटले. वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल हा ऑगस्टिनियन मठवासी होता, आणि विश्वाच्या प्रसरणाविषयी १९२७ मध्ये लिहिणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. उत्पत्तीचा पहिला अध्याय सृष्टी कोणाची आणि कशासाठी हे सांगतो. ती कोणत्या क्रमाने घडली हे विज्ञानाला विचारावे, असे स्पष्ट सांगितले की मुलांचा जीव भांड्यात पडतो.

दुःखाविषयीचे प्रश्न यापेक्षा अवघड असतात. ज्याच्या घरी कर्जापायी वडिलांनी जीव दिला आहे, त्या मुलाला ‘देवाची योजना असते’ असे सांगणे हे क्रूर आहे. बायबलमधील दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केले आणि त्या पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. अशा मुलासोबत बायबलमधील बाविसावे स्तोत्र वाचावे. ते ‘तू मला का सोडलेस?’ या प्रश्नानेच सुरू होते. वर्गात बोलायला संकोच वाटणाऱ्यांसाठी निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी, पण ती उघडून उत्तरे देण्याचा दिवस ठरलेला असावा, नाहीतर दोन महिन्यांत ती रिकामी राहू लागते.

घरच्या देवांना खोटे ठरवणे

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत आणि वसतिगृहांत भिल्ल व पावरा समाजाची मुले मोठ्या संख्येने आहेत. ख्रिस्ती झालेल्या घरातही आजी होळीला जाते. मैदानी भागातल्या मुलांच्या शेजारी श्रावणात कानबाई ही खानदेशातील देवी बसते. त्या आजीला ‘सैतानाची भक्त’ म्हटले, की मूल शाळेत एक आणि घरी एक असे दुहेरी बोलायला शिकते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे म्हटले आहे. ‘सगळे धर्म सारखेच’ हे उत्तरही मी टाळीन, कारण ते ना आजीच्या श्रद्धेला न्याय देते ना ख्रिस्ताच्या. आजी काय करते आणि का करते, हे मुलाला सांगू द्यावे. मग आपली श्रद्धा काय म्हणते ते तितक्याच स्वच्छपणे सांगावे.

भाषेचेही तसेच. अहिराणी किंवा पावरी बोलणारी मुले इंग्रजी प्रार्थना न अडखळता म्हणतात आणि तिचा अर्थ विचारला की खाली बघतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. चारशे वर्षांनंतर आपण मुलांना परक्या भाषेत देवाशी बोलायला लावावे याला कारण दिसत नाही. स्वतःच्या शब्दांतली दोन वाक्यांची प्रार्थना त्यांना घरच्या बोलीत करू द्यावी.

संस्काराला गुण आणि शिस्त जोडणे

शुभवर्तमानांची माहिती, संस्कारांचा अर्थ, ख्रिस्तसभेचा इतिहास यांवर परीक्षा जरूर घ्यावी आणि ती कसून घ्यावी. मिस्साच्या हजेरीला गुण देणे, ‘पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) केलेस का?’ असे वर्गशिक्षकाने विचारणे, किंवा वर्तन खराब म्हणून दृढीकरण संस्काराच्या यादीतून नाव काढण्याची धमकी देणे हे मात्र पूर्णपणे थांबवावे. वसतिगृह असलेल्या शाळांनी धर्मसंहितेतील नियम ९८५ अवश्य वाचावा. शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने त्याच वास्तूत राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची पापनिवेदने ऐकू नयेत, विद्यार्थ्याने एखाद्या प्रसंगी स्वतःहून मागितले तरच अपवाद, असे तो सांगतो. जो फादर मुख्याध्यापक म्हणून शाळेच्या दाखल्यावर सही करतो, त्याच्यापुढे मूल मोकळे होत नाही. म्हणून आगमनकाळात (नाताळाआधी) आणि उपवासकाळात (ईस्टरआधी) शेजारच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना बोलवावे.

गुप्ततेचे वचन देणे

धर्मशिक्षणाच्या शिक्षकाजवळ मुले कधी कधी अशी गोष्ट सांगतात, जी त्यांनी घरीही सांगितलेली नसते. ‘तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?’ असे मूल आधी विचारते आणि शिक्षक मायेपोटी होकार देतो. तो देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शक्यता कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. आरोप शाळेतल्याच कोणावर असला तरी यात फरक पडत नाही. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी गरज पडली तर मी योग्य माणसालाच सांगेन आणि आधी तुला कळवीन’, असे सुरुवातीलाच सांगावे, मुलाने सांगितले ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर वर्षभर लावलेला असावा.