शेडचं मॉडेल ‘पास’ झालं, तरी एकदा कागद-पेन घ्या

सोयाबीन-कापसाच्या गोदामाचं शेड हल्ली स्टाड प्रोसारख्या, इमारतीचा सांगाडा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर तासाभरात बसवता येतं. ट्रसची (छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीची) उंची, खांबांमधलं अंतर बदलून मालकाला दोन-चार पर्याय दाखवता येतात, लोखंडही वाचतं. गोची होते ती आपण काय भरलं त्यात.

वाऱ्याचंच घ्या. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या भाग ३ नुसार नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. उंची, भूभाग वगैरेंचे बाकी गुणक १ धरले तर वाऱ्याचा दाब ०.६ × ४४ × ४४, म्हणजे चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन. ढोबळमानाने ११८ किलो. वारा छत वर उचलू पाहतो, आणि तेवढ्याच पत्र्याचं वजन जेमतेम पाच किलो! त्यात माल उतरवताना शटर सताड उघडं. भिंतीत २० टक्क्यांहून जास्त जागा उघडी असेल तर आतल्या दाबाचा गुणांक (वरच्या दाबाचा किती हिस्सा आतून ढकलतो किंवा ओढतो तो) ±०.७ लागतो, ±०.२ नाही. हा आकडा चुकला तरी स्क्रीनवर सगळं हिरवंगारच दिसतं, आणि मिरगाच्या वादळात पत्रे शेजारच्या वावरात.

काळ्या मातीत पाया पक्का जखडलेला धरून खांब बारीक निघाला असेल, तर तोच आधार पिन (म्हणजे जागेवर धरलेला, पण फिरू शकणारा) करून मॉडेल पुन्हा चालवा आणि खांबाचं डोकं किती सरकतं ते बघा.

एककं चुकली नाहीत ना ते बघायला एक तुळई हाताने सोडवा: ६ मीटर गाळा, मीटरला १० किलोन्यूटन भार, दोन्ही टोकं नुसती टेकलेली, मधला मोमेंट (तुळईला वाकवणारा जोर) १० × ६ × ६ ÷ ८, म्हणजे ४५ किलोन्यूटन-मीटर. स्क्रीनवर ४.५ किंवा ४५० आलं तर प्रिंट काढूच नका.