खोलीत बग, म्हणजे चोरून ऐकणारं लपवलेलं यंत्र, असल्याचा संशय आला तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

सगळ्यात आधी, ज्या खोलीवर संशय आहे तिथे बसून त्याबद्दल एक शब्दही बोलू नका. बग शोधून देणाऱ्या तपासणीवाल्यांना फोनही तिथून नको आणि स्वतःच्या रोजच्या फोनवरून तर नकोच, कारण बरेचदा स्पायवेअर, म्हणजे चोरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, फोनमध्येच असतं आणि आपण भिंती ठोकत बसतो. लांब जाऊन दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोला. बग लावणाऱ्याला सुगावा लागला की तो लांबूनच बंद करतो किंवा येऊन काढून नेतो, मग टीमला काही सापडत नाही आणि लोक तुम्हालाच वेड्यात काढतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त बग डिटेक्टरवर विसंबू नका. त्या क्षणी जे सिग्नल सोडतंय तेवढंच ते पकडतात आणि वायफाय राउटरजवळ नेलं तरी वाजतात. मेमरी कार्डवर गुपचूप रेकॉर्ड करणारं यंत्र बाहेर काहीच सोडत नाही, सिमवाला बग कॉल येईपर्यंत जवळपास गप्प असतो. मॉस्कोत अमेरिकन राजदूताला १९४५ मध्ये भेट दिलेल्या लाकडी राजचिन्हात बग होता, त्यात ना बॅटरी ना वायर, बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की तेवढ्यापुरता चालायचा. सापडला १९५२ मध्ये!

म्हणून चांगली टीम एका यंत्रावर थांबत नाही. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरने, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्राने, आधी बाहेरचे सिग्नल मोजतात मग खोलीतले, आणि हे खोली नेहमीसारखी वापरात असताना, कारण काही बग आवाज झाला तरच चालू होतात. नंतर नॉन लिनियर जंक्शन डिटेक्टर, हा लहरी सोडून त्यांच्या दुप्पट आणि तिप्पट फ्रिक्वेन्सीवर काय परत येतं ते बघतो, दुप्पटवर जोरदार उत्तर आलं तर आत इलेक्ट्रॉनिक्स असण्याची शक्यता जास्त, तिप्पटवर जास्त आलं तर बहुतेक गंजका खिळा. यंत्र बंद असलं तरी सापडतं हा त्याचा मोठा फायदा. मग उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा, विजेच्या आणि फोनच्या वायरी, आणि शेवटी हाताने शोध, सॉकेट, स्मोक डिटेक्टर, एक्स्टेंशन बोर्ड सगळं उघडून. याला तास लागतात, त्यामुळे हातात एकच डबी घेऊन अर्ध्या तासात अख्खं ऑफिस क्लिअर सांगणाऱ्याला सरळ नको म्हणा. लेखी रिपोर्ट देणार का हे आधीच विचारा.

आता कायदा. देशागणिक तो बदलतो, पण जागा तुमची नसेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. सिग्नल आहे की नाही हे मोजणं वेगळं आणि त्यातलं बोलणं ऐकणं वेगळं, शेजाऱ्याचा कॉल तुमच्या यंत्रात ऐकलात तर बऱ्याच देशांत गुन्हेगार तुम्ही ठरता. सिग्नल अडवणारा जॅमर तर बहुतेक ठिकाणी बेकायदाच. रेकॉर्डिंगचे नियमही जागेप्रमाणे बदलतात, अमेरिकेच्या संघीय कायद्यात बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते पण कॅलिफोर्नियात खाजगी बोलण्यासाठी सगळ्यांची लागते. त्यामुळे समोरच्याला पकडायला म्हणून स्वतः बग लावायचा विचार वकिलाशी बोलल्याशिवाय करूच नका.

आणि सापडला तर? हात लावू नका, कृपा करून. उपटून फेकला की बोटांचे ठसे जातात, सिमवरून माणसापर्यंत पोचायचा रस्ता जातो, आणि कोर्टात तुम्हीच तो ठेवला होता असा आरोप होतो. नेहमीसारखं बोलत राहा, लांबून फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, सोबत एक साक्षीदार असू द्या, खोलीला कुलूप लावा, मग वकील आणि पोलीस.

लावणारा माणूस घरातलाच असेल, नवरा, बायको, जुना जोडीदार, तर घाई आणखी धोक्याची, कारण यंत्र बंद पडलेलं त्याला लगेच कळू शकतं आणि हिंसा वाढू शकते. अशा वेळी आधी राहायला सुरक्षित जागा ठरवा आणि कौटुंबिक हिंसेवर काम करणाऱ्या संस्थेशी बोला. गाडीत ट्रॅकर सापडला तरी हेच, तो तसाच ठेवून गाडी थेट पोलीस स्टेशनला न्या.